आठ चाके आणि एक टाके

साठी उलटलेल्या माणसाने दिवाळी अंकात काय लिहावे, याचे काही संकेत ठरून गेले आहेत. जुना वाडा, गेलेली माणसे, चुलीवरच्या आमटीची चव आणि शेवटी हल्लीच्या पिढीविषयी एक सुस्कारा. आजवर हा संकेत मी इमानाने पाळला. यंदा मात्र वाचकांची क्षमा मागून मी सायकलवर बसणार आहे. आणि तेही वाळवंटात!

"तुम्ही? सायकलवरून? राजस्थानात?" बेत कानावर घातला तेव्हा हिने एका दमात तीन प्रश्न विचारले. मी चष्मा पुसू लागलो. "परवा मंडईतून दोन किलो कांदे आणायचे होते, तर रिक्षा केलीत!"

"त्या दिवशी ऊन फार होते," मी म्हणालो.

यावर ती काही बोलली नाही, नुसती हसली. संसाराला पस्तीस वर्षे झाली की बायकांना बोलावे लागत नाही.

गोष्ट २०२५ सालच्या जानेवारीतली. आम्ही चौघे एका वाड्यात वाढलेले, एका शाळेत छड्या खाल्लेले आणि थोड्याफार अंतराने निवृत्त झालेले. डॉक्टर हा खरोखरीचा डॉक्टर. मास्तरने तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. फोरमन कारखान्यातून बाहेर पडला तरी कारखाना त्याच्यातून बाहेर पडलेला नाही. पंखा वाजू लागला की त्याचे हात शिवशिवतात. आणि मी बँकेत रोखपाल, म्हणजे दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात माझी हयात गेली. नावे सांगत नाही. तिघेही हा अंक विकत घेऊन वाचतात.

आमच्या लहानपणी पुणे हे सायकलींचे शहर होते. डबल सीट, कधी ट्रिपल सीट, पोलीस दिसला की उडी! पुढे स्कूटर आली, मोटार आली, गुडघे आले. मग निवृत्तीनंतर डॉक्टरने एकेकाचे रक्त तपासून चौघांनाही पुन्हा सायकलीवर बसवले. सिंहगडाचा पायथा झाला, वाई झाली, महाबळेश्वरही झाले. एके संध्याकाळी मास्तर म्हणाला, "अरे, तीस वर्षं मी फळ्यावर हिंदुस्थानचा नकाशा काढला आणि डावीकडे वरती पिवळा खडू फासला. 'मुलांनो, हे थरचं वाळवंट.' मी स्वतः ते कधी पाहिलं नाही. आता एकदा पाहायचंय, आणि गाडीच्या काचेतून नव्हे."

ठरले. बिकानेर ते जैसलमेर, सुमारे ३३० किलोमीटर, सहा दिवस. निघताना हिने डबा दिला, मफलर दिला आणि म्हणाली, "पाणी पीत जा. तुम्हांला तहान लागलेली कळत नाही." मी होकार भरला. बायकोचे बोलणे प्रवासात जितके आठवते तितके घरी आठवत नाही, याचा अनुभव पुढे यायचा होता.

सायकली ब्रेकव्हॅनमध्ये आणि आम्ही डब्यात, असे बिकानेर गाठले. राव बिकाने १४८८ साली वसवलेले हे गाव. आम्ही भुजिया घेतली, रसगुल्ले खाल्ले, लाल दगडाचा किल्ला पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कानटोप्या चढवून निघालो. वाळवंटात थंडी असते हे मास्तरने मुलांना शिकवले होते, आम्हांला नव्हते. बोटे हँडलला चिकटल्यासारखी झाली. पण नऊ वाजता ऊन वर आले, स्वेटर कॅरिअरवर गेले आणि चाके गुणगुणू लागली.

वाळवंट म्हणजे वाळूच वाळू ही आपली समजूत सिनेमाने करून दिलेली आहे. टेकड्या दिसतात, नाही असे नाही; पण त्याहून जास्त दिसते ती भुरी, सपाट, खुरट्या झुडपांची जमीन. मधूनच शेळ्यांचा कळप जातो, दूर चार-सहा गोल झोपड्यांची ढाणी दिसते. जगातल्या दाट वस्तीच्या वाळवंटांत थरची गणना होते, असे मास्तर पेडल मारता मारता सांगत होता. आणि जिकडे तिकडे एक झाड, खेजडी. "ओळखा पाहू!" मास्तर ओरडला. आम्हांला काही ओळखता येईना. "अरे, शमी! ज्या झाडावर पांडवांनी शस्त्रं लपवली, ती शमी. दसऱ्याला आपण तिची आठवण काढतो, इथं तिच्या शेंगांची भाजी करतात." ही झाडे तोडायला आलेल्या राजाच्या माणसांपुढे १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवी आणि तिच्या मागोमाग तीनशेवर बिष्णोई स्त्रीपुरुषांनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले, हेही त्यानेच सांगितले. त्यानंतर दोन किलोमीटर कोणी बोलले नाही.

पहिला मुक्काम कोलायतला, कपिल मुनींच्या तलावाकाठी. पन्नास किलोमीटर झाले होते, पाय दुखत नव्हते, आणि आमच्या मनात एक धोक्याची गोष्ट शिरली होती, ती म्हणजे आत्मविश्वास.

दुसऱ्या दिवशी बाप नावाचे गाव गाठायचे होते. (या नावावर आम्ही केलेले विनोद संपादकांनी छापले नसते.) ऐंशी किलोमीटरचा टप्पा, वस्ती विरळ. डॉक्टरने प्रत्येकाला लिटरच्या तीन-तीन बाटल्या भरून घ्यायला लावल्या. तीसेक किलोमीटर महामार्गाने गेलो. ट्रकमागून ट्रक जात होते. मी मोबाईलमधला नकाशा उघडला. महामार्गाच्या डाव्या अंगाने एक बारीक रेघ निघत होती आणि बारा-तेरा किलोमीटरांनी पुन्हा महामार्गाला मिळत होती.

"ट्रकच पाहायचे होते तर पुणे-मुंबई रस्ता काय वाईट होता?" मी म्हणालो. "इथून जाऊ. खरं वाळवंट दिसेल."

मास्तरला तेवढे पुरे होते. आम्ही वळलो.

खरे वाळवंट लगेच दिसले. पहिला किलोमीटर वाट टणक होती, मग भुसभुशीत झाली, मग वाटच राहिली नाही. चाके वाळूत रुतू लागली. आम्ही उतरून सायकली ढकलू लागलो. वारा समोरून येऊ लागला. आणि मग सराटे! आपल्या माळावर असतात तेच. कोणत्याही बाजूने पडले तरी एक काटा आभाळाकडे. पहिले पंक्चर माझ्या मागच्या चाकाला झाले. फोरमनने चाक काढले, मी चेन धरली, आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले.

आता जे सांगतो ते सांगायला मला नऊ महिने लागले आहेत. मी एका खेजडीच्या आड गेलो, एक भरलेली बाटली उघडली आणि हात धुतले. नीट धुतले. मग तोंडावर पाणी मारले, गार वाटले म्हणून आणखी मारले. बाटली संपली. म्हटले, ओझे तरी कमी झाले. पुण्यात नळ सोडून दाढी करणाऱ्या माणसाचा हिशेब यापलीकडे जात नाही.

बारा वाजेपर्यंत पाच पंक्चरे झाली. मास्तर थांबला. "प्रत्येकाजवळ पाणी किती आहे? पुरेसं असेल तर पुढे जाऊ, नाहीतर आत्ताच मागे फिरू." डॉक्टरजवळ एक बाटली होती, फोरमनजवळ एक, मास्तरजवळ एक. तिघांनी माझ्याकडे पाहिले.

माझ्या पिशवीत अर्धी बाटली होती. वाट मीच सुचवलेली. पाणी मीच सांडलेले. मी म्हणालो, "दोन आहेत."

आयुष्यभर रोकड मोजली. संध्याकाळी एक रुपयाचा फरक आला तरी घरी जात नसे. आणि त्या माळावर दीड लिटरचा खोटा हिशेब मी डोळ्याची पापणी न लववता दिला! त्या हिशेबावर विसंबून मास्तर म्हणाला, "मग पाच लिटर झालं. पुढेच जाऊ." आणि आम्ही पुढे गेलो.

थंडीच्या दिवसांत वाळवंटातली तहान मोठी फसवी असते. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, येतो आणि उडून जातो. डॉक्टरने नंतर समजावले की वय वाढते तशी तहानेची जाणीवही बोथट होते; शरीर पाणी गमावते आणि मेंदूला निरोप उशिरा पोचतो. आमच्यात पहिला निरोप मिळाला तो मास्तरच्या गप्प बसण्यातून. सतत बोलणारा माणूस तासभर बोलला नाही. अडीचच्या सुमारास त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. तो सायकलीसकट बसला. डॉक्टरने नाडी पाहिली, त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, आणि त्याचा आवाज एकदम दवाखान्यातला झाला. "पाणी काढा. माझ्याजवळ क्षारांच्या पुड्या आहेत."

त्यांची बाटली संपली होती. फोरमनचीही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तुझ्या दोन काढ."

मी रिकामी पिशवी पुढे केली.

कोणी ओरडले असते तर बरे झाले असते. फोरमनने माझ्याकडे पाहिले, डॉक्टरने पुडीकडे पाहिले. मास्तरने डोळे मिटून घेतले. मी सांगू लागलो, खेजडी, हात, चेन. पण ते ऐकायला कोणाला वेळ नव्हता. मोबाईलला संपर्क मिळत नव्हता. फोरमन एका उंचवट्यावर चढला आणि तिथून हात हलवू लागला. पश्चिमेला, अर्ध्या किलोमीटरवर, दोन खेजड्या, एक ढाणी आणि जमिनीतून अर्धवट वर आलेला चुन्याचा पांढरा घुमट दिसत होता. आम्ही सायकली तिथेच टाकल्या. मास्तरचा एक हात डॉक्टरच्या खांद्यावर, एक माझ्या. तो माझ्या खांद्यावर भार टाकत नव्हता हे मला जाणवत होते.

ढाणीच्या अंगणात आमच्याच वयाची एक बाई बसली होती. कपाळापर्यंत ओढणी, हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. चार परके पुरुष येताना पाहून ती उठली, आमची तोंडे पाहिली आणि एकच शब्द बोलली, "पाणी?"

वाचकहो, मारवाडीत पाण्याला 'पाणी'च म्हणतात, आपल्यासारखाच खणखणीत 'ण' घालून. इतक्या दूर आल्यावर तो शब्द कानी पडला आणि डॉक्टरचेसुद्धा डोळे भरून आले.

पांढऱ्या घुमटाला लोखंडी झाकण होते आणि झाकणाला कुलूप. तिने कंबरेची किल्ली काढली, कुलूप उघडले आणि दोरीला बांधलेली बादली खाली सोडली. डॉक्टरने लिटरभर पाण्यात पुडी मिसळली आणि मास्तरला घोट-घोट पाजायला बसला. एकदम दिले तर उलटून पडते म्हणून घोटाघोटाने. मग बाईने मला तांब्या दिला.

मी काय करावे? हातावर पाणी घेतले, चूळ भरायला आणि तोंड धुवायला! साठ वर्षांची सवय. बाई काही बोलली नाही. तिने फक्त बाजूची पितळी परात पायाने सरकवली आणि माझ्या हातांखाली आणून ठेवली. माझ्या तोंडावरून ओघळलेले पाणी त्या परातीत पडले. मग ती परात तिने उचलून शेळीपुढे ठेवली. शेळी प्याली.

आयुष्यात मला वरिष्ठांनी मेमो दिले आहेत. त्या परातीइतका मोठा मेमो कोणी दिलेला नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने मास्तरच्या चेहऱ्यावर रंग आला. त्याचे पहिले वाक्य होते, "हे टाकं कसं भरतं?" डॉक्टर म्हणाला, "सुटलो! भूगोल सुरू झाला."

या भागात त्याला टांका म्हणतात. आपल्या गडांवर कातळात खोदलेली पाण्याची टाकी असतात, त्यांचेच हे भावंड. जमिनीत दहा-बारा फूट खोल गोल हौद, वर घुमट, आणि सभोवार चोपून उतरती केलेली स्वच्छ जमीन; तिला आगोर म्हणतात. पाऊस त्या आगोरावर पडतो, उताराने मध्याकडे येतो आणि जाळी लावलेल्या भोकांतून आत उतरतो. आगोरावर चपला घालून जायचे नाही, जनावर जाऊ द्यायचे नाही. बाईची नात शाळेत जाणारी, चांगली हिंदी बोलणारी होती. तिने हे सारे सांगितले. गावात नहराचे पाणी नळाने आले आहे. हा नहर पार पंजाबातल्या सतलज-बियासच्या संगमावरून, हरिकेहून येतो. १९५८ साली त्याचे काम सुरू झाले. पण गाव राहिले लांब, ढाणीपर्यंत नळ पोचलेला नाही. टँकर मागवला तर पैसे पडतात. म्हणून टांका आणि त्याला कुलूप.

मास्तरने खिशातून पेन्सिल काढली. आगोर त्याने नजरेने मोजला. सहा मीटर त्रिज्या, म्हणजे ११३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्षाला दोनशे मिलिमीटर पाऊस धरला तर साडेबावीस हजार लिटर; त्यातले मुरणारे वजा जाता वीस हजार धरू. घरात माणसे सहा. पुढच्या पावसापर्यंत आठ महिने. "माणशी दिवसाला चौदा लिटर," मास्तर म्हणाला. "शेळ्या धरल्या नाहीत तर." फोरमन हळूच म्हणाला, "आमच्याकडे संडासातली साखळी एकदा ओढली की दहा लिटर जातं."

संध्याकाळी म्हातारा शेळ्या घेऊन परतला. मुलगा खाणीवर कामाला, आठवड्याने घरी येणारा. डॉक्टरने मास्तरला हलवायला साफ नकार दिला आणि त्या माणसांनी आम्हांला जाऊ देण्यास. बाजरीची जाड भाकरी, वर तूप आणि सांगरीची भाजी; म्हणजे शमीच्या शेंगांची. वाढताना बाई मला म्हणाली, "खा, बीरा." नातीने अर्थ सांगितला, बीरा म्हणजे भाऊ. मला घास गिळता येईना.

रात्री अंगणात चार खाटा पडल्या. आभाळात इतक्या चांदण्या की पुण्यातल्या आभाळाला कोणी झाकण लावले आहे की काय असे वाटावे! थंडी मी म्हणत होती. शेजारच्या खाटेवर मास्तर जागा होता.

"मास्तर, चुकलो," मी म्हणालो.

बराच वेळ उत्तर आले नाही. मग तो म्हणाला, "बाटली ओतलीस त्याचा राग नाही. मीही ओतली असती. आपण नळाची माणसं. विचारलं तेव्हा 'दोन आहेत' म्हणालास, त्याचा आहे. तेव्हा खरं सांगितलं असतंस तर आपण परत फिरलो असतो, आणि तुला दोन दिवस चिडवलं असतं. तेवढंच झालं असतं."

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. तो कूस बदलून झोपला.

सकाळी निघताना बाईने आमच्या बारा बाटल्या भरायला घेतल्या. मास्तरने चार पुढे केल्या, बाकीच्या परत पिशवीत घातल्या. म्हाताऱ्यापुढे आम्ही पैसे ठेवले. त्याने हात मागे घेतले. पाण्याचे पैसे घेतले तर पुढच्या वर्षी पाऊस कोणत्या तोंडाने मागायचा, असे तो म्हणाल्याचे नातीने सांगितले.

तेवढ्यात फोरमन दिसेना. तो झोपडीच्या मागे उकिडवा बसला होता, समोर एक सायकल. राजस्थानात सरकारी शाळेत नववीत गेलेल्या मुलींना सरकार सायकल देते. ती या नातीची. दीड महिन्यापासून दोन्ही चाकांत हवा नव्हती. सराटेच. पंक्चर काढणारा गावात नाही, आजोबांना शेळ्यांमधून सवड नाही, म्हणून पोर सहा किलोमीटर चालत शाळेला जात होती.

"ठिगळं किती राहिलीत?" डॉक्टरने विचारले.

"दोन," फोरमन म्हणाला. "आणि हिच्या ट्यूबला भोकंही दोन." तो मास्तरकडे पाहू लागला. महामार्ग अजून दोन किलोमीटर काट्यांतून, पुढे बाप चाळीस किलोमीटर, आणि मध्ये पंक्चर झाले तर आमच्याजवळ काही नाही.

मास्तरने माझ्याकडे पाहिले. कालपासून पहिल्यांदा पाहिले. "रोखपाल, हिशेब सांग. शिल्लक किती?"

"दोन ठिगळं," मी म्हणालो. "खरोखरची दोन."

"मग देऊन टाक."

फोरमनने ट्यूब घासली, सोल्युशन लावले, दोन्ही ठिगळे बसवली आणि ट्यूब पाण्यात बुडवून पाहण्यासाठी सवयीने मागे वळून म्हणाला, "जरा बादली..." आणि एकदम थांबला. मग त्याने ट्यूब गालाजवळ धरून हवा येते का ते पाहिले. नात सायकलीवर बसून अंगणात दोन फेऱ्या मारून आली. आम्ही चौघांनी आपापल्या सायकली खांद्यावर घेतल्या आणि सराटे चुकवत, शेळ्यांच्या वाटेने, महामार्गापर्यंत ती आमच्या पुढे चालत आली. साठीच्या चार माणसांनी खांद्यावर सायकली घेऊन चालावे आणि पुढे चौदा वर्षांची मुलगी. एका ट्रकवाल्याने गाडी थांबवून आम्हांला पाहून घेतले!

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. बापपर्यंत एकही पंक्चर झाले नाही. फलोदी लागले, जिथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले होते. आम्हांला मात्र तिथे चहाला दोन्ही हातांनी कवटाळावेसे वाटत होते. जवळच्या खीचन गावात हजारो कुरजा पाहिल्या. करड्या, काळ्या गळ्याच्या, क्रौंचाच्या जातीचे हे पक्षी मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येतात, आणि गावकरी त्यांच्यासाठी रोज धान्य पसरतात. २०२५ च्या जूनमध्ये या जागेला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, म्हणजे रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हा मास्तरने रात्री अकरा वाजता फोन करून ती बातमी मला दिली. रामदेवऱ्याला हिंदू आणि मुसलमान दोघेही ज्यांना मानतात त्या रामदेवपीरांचे दर्शन घेतले. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे सगळ्यांना ठाऊक झालेले पोखरण आले. गाव आपले शांतपणे कपडे वाळत घालत होते.

बापपासून मला एक पद मिळाले होते, पाण्याचा खजिनदार. बाटल्या माझ्याजवळ. कोणाला पाणी हवे असेल तर मोजून माझ्याकडून घ्यायचे आणि रात्री शिल्लक जाहीर करायची. ही शिक्षा होती की विश्वास, हे मी मास्तरला विचारले नाही. पोखरणच्या पुढे चांदणच्या वाटेवर एका खेजडीखाली थांबलो, तेव्हा त्याने आपल्या वाट्याचे झाकणभर पाणी घेतले, अर्धे प्याला आणि अर्धे माझ्यापुढे केले. "तुला तहान लागलेली कळत नाही," तो म्हणाला. हे माझ्या बायकोचे वाक्य त्याला कुठून मिळाले कोण जाणे!

सातव्या दिवशी दुपारी जैसलमेरचा किल्ला दिसला, पिवळ्या दगडाचा. मास्तर सायकलवरून उतरला आणि बराच वेळ पाहत राहिला. "माझा खडू बरोबर होता," एवढेच तो म्हणाला.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी पहिल्या आंघोळीची तयारी चालू असेल. उटणे, सुवासिक तेल, गरम पाणी. खुशाल आंघोळ करा. सणाचे सुख नासवायला मी आलेलो नाही. आमच्या घरात बदल एवढाच झाला आहे की दाढी करताना मी नळ बंद करतो. हिच्या हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आले. तिने कारण विचारले, तेव्हा मी "सहज" म्हणालो. आता हा लेख वाचून तिला खरा हिशेब कळेल. कळू दे.

भाऊबीजेला माझ्या दोन्ही बहिणी येतील, ओवाळतील, मी तबकात पाकीट ठेवीन. एक तिसरी बहीण आहे, तिचे नाव मी विचारायला विसरलो. तिने बीरा म्हटले आणि ओवाळणी घेतली नाही. फोरमनने तिच्या नातीच्या शाळेच्या पत्त्यावर एक पार्सल धाडले आहे. त्यात सोल्युशनच्या सहा नळ्या, ठिगळांचे दोन डबे आणि एक हातपंप आहे. पार्सल भरताना मास्तरने ते दोनदा मोजले आणि मग मोजायला माझ्याकडे दिले.